दोऱ्याने बांधलेली सुशी

जपानी स्वयंपाक? अहो, डाव्या हातचा मळ! आमच्या ह्यांची जपानला बदली ठरली, तेव्हा ह्यांच्या साहेबांना मी जोडीने जेवायला बोलावलं. तिकडे संसार मांडायचा, तर हात इथेच बसायला नको का?

"कशाला उगाच? बाहेरून मागवू," हे पुटपुटले. मला त्रास नको म्हणून म्हणतायत, असं वाटलं. काय भोळी मी!

चिकट तांदूळ शिजवला, त्यात व्हिनेगर कालवलं, पंख्याखाली परातीत पसरला आणि पदर खोचून काकड्या चिरायला बसले. मागे वळून बघते तो परात रिकामी!

"सासूबाई, भात कुठाय?"

"अगं, आंबला होता तो! पण टाकवेना. चांगला चोळून चोळून धुतला बघ!"

संपलं! त्या भाताची शितं भाऊबंदकीतल्या भावांसारखी एकमेकांकडे पाठ फिरवून बसली. समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळावा, तर दोन्हीकडून बाहेर! एवढ्यात बेल वाजली. शेवटी शिवणाच्या डब्यातला दोरा काढला आणि एकेक गुंडाळी करकचून बांधली.

साहेबांनी पहिला घास घेतला. चावला. परत चावला. मग तोंडातून दोरा ओढायला लागले. तो संपेचना! जणू पतंगबाजीच चाललेली!

"अस्सल पद्धत आहे," मी ठोकून दिलं.

साहेबांच्या मिसेस मात्र गहिवरल्या. "किती करता हो ह्यांच्यासाठी! त्यांना तिकडे एकट्याने राहायचं, म्हणून आधीपासून जिभेला सवय लावताय!"

"एकट्याने?"

साहेब दोरा गुंडाळत म्हणाले, "आम्ही तर सगळ्या कुटुंबाची सोय करणार होतो. यांनीच लिहून दिलं, घरच्यांना यायचं नाही म्हणून."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बशीकडे पाहत होते.

"आईकडे कोण बघणार, म्हणून…" हे कसंबसं म्हणाले.

"मला विचारलंस?" सासूबाई कडाडल्या. "माझा पासपोर्टसुद्धा काढून तयार आहे!"

जेवणं उरकून पाहुणे गेले. मी भांडी घासत होते, जरा जोरातच. हे दारात येऊन घुटमळले. आता माफी मागतील, म्हणून मी नळ बंद केला.

"ऐक ना, तो भात कसा करायचा, शिकवशील? तिकडे बाहेरचं खाणं परवडत नाही म्हणे."

आणि मी काय केलं असेल? शिकवला हो! धुवायचा कधी, हेसुद्धा नीट समजावलं: व्हिनेगर कालवल्यावर, चांगला चोळून चोळून!