पाटीचा शब्द

बायकोसमोर नथानियलने पेपर दुमडला आणि मांडीवर थाप मारली. "बघ गो दीना! परदेशातल्या दोन चिप कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करायला भाव पाडत सुटल्या, आणि दोघींचा नफा बुडाला! एवढी शिकलेली माणसं, पण धंद्याची अक्कल नाय!"

ती अक्कल आपल्याला जन्मजात आहे, असं नथानियलचं ठाम मत होतं. पेणच्या रामवाडीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. त्यांतल्या एका कंपनीची चिप असलेली मशीनं तो विकायचा, समोरचा सुलेमान दुसरीची. कंपन्यांचं भांडण हे दोघे रस्त्याच्या दोन कडांवरून इमानाने भांडत!

आता रोह्याच्या शरीफाबायला नव्या क्लाससाठी बारा कॉम्प्युटर हवे होते. त्या नफ्यातून दीनाचं इस्रायलचं तिकीट निघणार होतं. लेक शीरा तिकडे बाळंत झालेली, आणि दीनाने नात अजून फोनमध्येच पाहिलेली.

पण शरीफाबाय येणार शनिवारी. आणि शनिवार म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी दिवस मावळल्यापासून लागणारा यहुद्यांचा विश्रांतीचा वार! त्या दिवशी नथानियल पैशाला शिवत नसे, की फोनला हात लावत नसे. म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्याने शटरवर पाटी टांगली: 'आज बंद. सुलेमानच्या भावापेक्षा नगामागे पाचशे कमी. शब्द पक्का!'

"मी घरात बसणार आणि पाटी धंदा करणार!" तो दीनाला म्हणाला.

शनिवारी सुलेमानने शरीफाबायला तीस हजार सांगितले. तिने समोरची पाटी वाचली. "म्हणजे तिथे साडेएकोणतीस." सुलेमान अठ्ठावीसवर उतरला. पाटी साडेसत्तावीसवर! शेवटी सुलेमान रस्ता ओलांडून पाटीशीच भांडायला उभा राहिला. माणूस कधीतरी दमतो, पाटी कुठली दमायला! बघ्यांची ही गर्दी झाली.

शेजारच्या दुकानातला कान्हू धावत नथानियलच्या घरी गेला. "शेठ, भाव बारा हजारांवर आला! पाटी काढू का?"

"आज शब्बाथ हाय. धंद्याचं बोलायचं नाय."

"अवो, पण..."

नथानियलने कानांत बोटं घातली. स्वतःच्या निष्ठेवर तो भलताच खूश झाला.

इकडे सुलेमानचं डोकं फिरलं. "जा! फुकट देतो बाराच्या बारा!" तो पार जिते गावापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. शरीफाबायने शांतपणे पाटीचा फोटो काढला.

दिवस मावळल्यावर नथानियलने दार उघडलं, तर समोर शरीफाबाय. मागे मान खाली घालून सुलेमान.

"कॉम्प्युटर कधी पाठवताय? आणि वरचे सहा हजार?"

"कसले सहा हजार?"

"सुलेमानभाय फुकट देतो. तुमचे नगामागे पाचशे कमी. बारा मशीनचे सहा हजार तुम्ही मला द्यायचे. शब्द पक्का, असं तुम्हीच लिवलंय!"

नथानियलने दार अर्धं लोटून घेतलं. शरीफाबायला हसू आवरेना. "घाबरू नका, शेठ! दोघांकडून सहा-सहा मशीनं घेते, तुमच्या खरेदीच्या भावात. बिलं दाखवा."

आयुष्यात पहिल्यांदाच नथानियल आणि सुलेमान एकाच वेळी "व्हय" म्हणाले. तोटा टळला. नफा शून्य, आणि तिकीटही गेलं.

जेवताना दीनाने ताटाशेजारी तोच पेपर ठेवला. "वाचा परत."

"दोन्ही कंपन्यांचा नफा..." नथानियलने पेपर पालथा घातला.

"त्यांचं बरं हाय," दीना म्हणाली. "त्यांच्या घरी कोण बॅग भरून बसलेलं नसंल."

कोपऱ्यातल्या बॅगेकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी पाटी दीनाने लिहिली: 'आज बंद. भाव रविवारी, बायकोला विचारून.'