गोपिकाच्या डब्यातली खोटी लाट

बुधवारी सकाळी लाइट आली आणि गोपिका बोलली नाही.

गोपिका माझी बायको. तिला जाऊन नऊ महिने झाले. वडीगोद्रीत आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या दारावर एक डबा आहे. लाइट आली की तो आपोआप तिच्या आवाजात ओरडतो, "लाइट आली हो! पटपट दळण आणा! गहू निवडून आणा, खडे दळायला मी बसले न्हाई!" तिचा आवाज तेवढ्या एका डब्यात उरलाय. तोच मुका झाला.

पण घाबरतो कशाला! गिरणीच्या दगडाला मी स्वतः टाकी लावतो, जळालेली मोटार घरी बांधतो. एवढासा डबा मला काय भारी! मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि ऑसिलोस्कोप मागवला. विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. स्वस्तातलं, तळहाताएवढं. खोक्यावर छापलेलं, 'शंभर मेगाहर्ट्झ'! आणखी काय पाहिजे!

डबा उघडला. आत दोन भाकरींचं पीठ निघालं! फुंकर मारली, निसटलेली एक वायर जागेवर खोचली आणि खऱ्या कामाला लागलो. आत क्रिस्टल असतो, डब्याच्या बोलण्याचा वेग ठरवणारा चकचकीत तुकडा. त्याच्यावर लिहिलेलं चोवीस मेगाहर्ट्झ. पडद्यावर दिसला एक!

चोवीसचा एक! सापडला चोर! उपटून टाकला. जालन्याहून नवा चोवीसचा आणला. तोही एक! दुकानदाराला फोन लावला, "नकली माल विकून राह्यलात!" तो म्हणाला, "काका, तुम्हीच पहिले गिऱ्हाईक तक्रारीचे." त्याने दुसरा दिला. तोही एक! शेवटी तुटक्या खेळण्यातला बाराचा लावून बघितला. पडद्यावर बराबर बारा! साऱ्या तालुक्यात खरं बोलणारा हाच एक! कथलाचा पक्का डाग देऊन तोच बसवला.

दुसऱ्या दिवशी लाइट आली. डबा बोलला. रेड्यासारखा!

"लाऽऽइट आऽऽली होऽऽ!"

शेजारच्या नंदावहिनी दळण घेऊन दारातच थबकल्या. "त्रिंबकभाऊ, गिरणी इकली का? आत कोन बुवा बसवलाय?"

मागून गल्लीतले साहेबराव आले. "घसा लईच बसलाय तुझा. हळद-दूध घे, जल्दी सुटंल."

"मी न्हाई! गोपिका हाय ती!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. साहेबरावांनी गुपचूप माझ्या भाच्याला, अंगदला फोन लावला. 'मामाचं डोकं फिरलंय' असंच सांगितलं असणार! अंगद आयटीआयमध्ये शिकवतो. दुपारी धावत आला, आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग यंत्र बघितलं.

"मामा, हे सेकंदाला अडीच कोटी ठिपके टिपतं. चोवीसची लाट तेवढ्यात दोन कोटी चाळीस लाख वेळा हलते. एका हेलकाव्याला जेमतेम एक ठिपका! ते ठिपके जोडले की सावकाश, खोटी लाट दिसते. टीव्हीत गाडीचं चाक उलटं फिरताना बघितलं न्हाई का? बारा तेवढे त्याच्या आवाक्यात, म्हणून खरे दिसले."

"अन् खोक्यावरचे शंभर?"

"खोक्यावर काय, पापडाच्या पुड्यावर पण बाई हसूनच राह्यली असते."

"मंग डबा बंद कशानं पडल्ता?"

"एखादी वायर निघाली असंल."

वायर! ती तर मी पहिल्या पाच मिनिटांतच खोचली होती!

नंदावहिनी पुन्हा दळण घेऊन दारात आल्या होत्या. डबा पुन्हा लावायला सांगितला. डोक्यावरचं दळण खाली ठेवून पूर्ण ऐकलं. म्हणाल्या, "तीच हाय. पर इतकी निवांत कधी बोलली व्हती का ती!"

नव्हती. सदा घाईत. आठ सेकंदांत बोलून मोकळी व्हायची. आता बाराच्या निम्म्या वेगानं सोळा सेकंद लागतात.

अंगदने चोवीसचा क्रिस्टल माझ्या हातावर ठेवला. "मामा, आजच लावा. मामीचा आवाज बराबर होईल."

त्याला तीन आठवडे झाले. क्रिस्टल गिरणीच्या फळीवर आहे, वर पीठ बसलंय. अजून लावलेला नाही.