माझी झोप, मेहुण्याचं नाक

मशीनला माणूस ओळखता येत नाही, असं माझं मत होतं. साधं मत. वखारीतल्या विजेच्या मीटरला करवत कोणी चालू केली ते कुठे कळतं? तो आपला फिरतो. मग नाकाला लावायच्या मशीनलाच तेवढी अक्कल कुठून येणार? या एका मतावर मी चाललो आणि तोंडावर आपटलो. (नाक वाचलं. ते दुसऱ्याचं होतं.)

आधी मशीन घरात का आलं ते सांगतो.

मी लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करतो. मला मिस्त्री म्हणतात. शाळा चौथीत सुटली, पण ओंडका नुसता बघून आत गाठ कुठे आहे ते सांगतो. मोठ्या मालकांनी मला करवतीवर उभं केलं, तेव्हापासून तिला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. एक दिवस दुपारी करवत चालू, फळी हातात, आणि मला डुलकी लागली. उभ्या उभ्या. शेजारी आमच्यातला एक डावखुरा, डावरा म्हणतात तो, होता, त्याने मानगूट धरून मागे ओढलं म्हणून बोटं राहिली. मी म्हणालो, डोळे मिटून विचार करत होतो.

धाकटे मालक म्हणाले, "मिस्त्री, विचार करताना कोणी घोरतं का?"

त्याच दिवशी मला करवतीवरून उतरवलं आणि पोत्यात भुसा भरायला बसवलं. करवतीवर डावरा. डाव्या हाताने फळी सरकवणारा माणूस. मी भुसा भरत त्याच्याकडे बघत बसायचो आणि भुसा पोत्याच्या बाहेर पडायचा. मालकांचं म्हणणं एकच होतं, डॉक्टरांनी लिहून दिलं की करवत तुमची. नाही दिलं तर पोती आहेतच.

गेलो. डॉक्टरबाईंनी अंगाला वायरी लावून एक रात्र झोपवलं आणि सकाळी सांगितलं, की झोपेत माझा गळा मिटतो, श्वास थांबतो, मग मी अर्धवट जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा थांबतो. हे रात्रभर. म्हणजे मी झोपतो असं मला वाटतं, पण झोप होत नाही. ती दिवसा वसूल होते. मी म्हणालो, माझी झोप चांगली आहे, कोणालाही विचारा. त्यांनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, "झोपतात कुठे? रात्रभर ओंडके ओढतात."

तर मशीन मिळालं. डब्यातून हवा, हवेला नळी, नळीला मास्क, मास्कला डोक्यामागून पट्टे. आत एक कार्ड. रात्री श्वास कसा चालला ते सगळं त्या कार्डावर उतरतं. महिन्याने कार्ड बघायचं, मग करवतीचं ठरवायचं.

पहिल्या रात्री मास्क लावला. हवा नाकात घुसली ती भाडेकरू घरात घुसावा तशी, सामानासकट. तोंड उघडलं तर नाकातली हवा तोंडातून बाहेर. तोंड मिटलं तर गाल फुगले. कुशीवर वळलो, नळी पाठीखाली. पलीकडे वळलो, नळी गळ्यात. मास्कच्या कडेने वारा डोळ्यात जाऊ लागला, म्हणून पट्टे आवळले. तरी वारा. आणखी आवळले. वखारीत सैल काही ठेवत नाहीत. सकाळी चेहऱ्यावर अशा खाचा होत्या की बायकोने विचारलं, शिकंज्यात डोकं घालून झोपलात का. झोपलो असतो तर ठीक होतं. मी रात्रभर उठत होतो, पाणी पीत होतो, मशीनचं बटण दाबत होतो, सोडत होतो. चादर तेवढी झोपली होती, जमिनीवर.

असं आठवडाभर. दिवसा भुशाच्या पोत्यावर डुलक्या, रात्री मशीनशी कुस्ती. कार्डावर काय उतरत असेल ते मला वाचता येत नव्हतं, पण अंदाज येत होता. तेव्हा मला ते मत सुचलं.

आमच्या घरी माझा मेहुणा राहतो. त्याच्या घराला रंग द्यायचा होता म्हणून आठ दिवसांसाठी आला. रंग वाळून वर्ष झालं. कचेरीत शिपाई आहे. तिथे झोपून येतो आणि दमला म्हणून घरी झोपतो. त्याला झोपवण्यासाठी काही करावं लागत नाही, उठवण्यासाठी लागतं. असा माणूस घरात फुकट पडलेला असताना मी माझं नाक का सोलून घ्यायचं?

बायकोला सांगितलं, मशीनच्या आवाजाने तुझी झोप मोडते, मी बाहेरच्या खोलीत झोपतो. ती म्हणाली, मोडत नाही. मी म्हणालो, मोडते. मेहुणा बाहेरच्या खोलीतच असतो. त्याला मास्क दाखवला. तो मागे सरला. "दाजी, याने मेलो तर?" मी सांगितलं, मेलास तर कार्डावर येईल. मग गोडीत समजावलं, की माझ्या भाकरीचा प्रश्न आहे. शेवटी त्याने नाक पुढे केलं. पाच मिनिटांत झोपला. मी शेजारच्या सतरंजीवर आडवा झालो आणि समाधानाने घोरलो.

इथपर्यंत सगळं मापात होतं. पुढे फळी वाकडी गेली.

चार-सहा दिवसांत मेहुणा माझ्या आधी उठू लागला. नुसता नाही, गाणं म्हणत उठू लागला. अंथरूण घडी करून ठेवू लागला. बहिणीला म्हणाला, ताई, तू बस, पाणी मी भरतो. माळा आवरला. वर्षभर गळणारा नळ नीट केला. (तो नळ मी करणार होतो.) कचेरीत इतक्या वेळेवर जायला लागला की साहेबांनी त्याला खोलीत बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. बायको येता-जाता भावाचं कौतुक करायची आणि माझ्याकडे बघायची. मी त्या वेळी बहुतेक भिंतीला टेकून डुलत असायचो.

महिना झाला. कार्ड घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. बायको बरोबर. तिला आणायलाच सांगितलं होतं.

बाईंनी कार्ड संगणकात घातलं आणि खूश झाल्या. पहिला आठवडा अडखळला, पण पुढे एकही रात्र चुकली नाही, श्वास सुरेख, असा रोगी आमच्याकडे दुसरा नाही, वगैरे. हे वगैरे मला बायकोने नंतर सांगितलं. मी तेव्हा त्यांच्यासमोरच्या खुर्चीत झोपलो होतो.

बायकोने कोपर मारलं तेव्हा जागा झालो. बाईंचा चेहरा बदलला होता. त्या म्हणाल्या, मशीन पूर्ण काम करतंय आणि तरी माणूस बसल्या जागी झोपतोय, म्हणजे आजार दुसराच काहीतरी आहे. रक्त तपासायचं, हृदय तपासायचं, मेंदूचा फोटो काढायचा. कारण सापडेपर्यंत करवतीचं नाव काढायचं नाही. कदाचित कायमचंच नाही.

कायमचंच. माझ्या डोळ्यांसमोर पोती उभी राहिली, एकावर एक. तरी मी खरं बोललो नाही. म्हटलं, मेंदूचा फोटो काढू दे. त्यात मेहुणा थोडाच दिसणार आहे?

तेवढ्यात बायकोने तोंड उघडलं. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू का? यांचं घोरणं होतं तसंच आहे, भिंतीतून ऐकू येतं. पण माझा भाऊ यांच्या शेजारी झोपतो, त्याचं बंद झालं. लहानपणापासूनचं होतं. मशीनचा वारा बाजूच्याला लागू पडतो का?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. कार्डाकडे बघितलं.

"मिस्त्री, मास्क कोण लावतं?"

मी खोटं बोलत नाही. म्हणून गप्प बसलो.

पुढे त्या जे बोलल्या ते सगळं इथे लिहीत नाही. थोडक्यात, तपासण्या रद्द, महिना पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी नाक माझं. उठताना म्हणाल्या, "आणि मेहुण्यांना घेऊन या. त्यांचा श्वास आम्हाला पाठ झालाय, आता माणूस बघू."

घरी येईपर्यंत बायको बोलली नाही. मी तिच्या बोलण्याची वाट बघत दोनदा चुकीच्या गल्लीत वळलो. दार उघडताना ती म्हणाली, "करवतीत बोटं कोणाची जाणार होती? त्याची का तुमची?" आणि आत गेली. जेवण वाढलं, पण ताट जरा जोरात ठेवलं. मला तपासण्या परवडल्या असत्या.

संध्याकाळी मेहुण्याकडे मशीन मागितलं. तो मशीन पोटाशी धरून बसला. म्हणाला, "दाजी, घड्याळ मागा. नवी चप्पल मागा. हे मागू नका." शेवटी ताईने डोळे वटारले तेव्हा दिलं. तेही वर सल्ला लावून. तो म्हणाला, तुम्ही पट्टे आवळता, म्हणून मास्क वाकडा बसतो आणि वारा गळतो. पट्टा सैल ठेवा. हवा ढकलते तर ढकलू द्या. तिच्याशी भांडू नका.

मी आयुष्यात कशाशी तरी भांडल्याशिवाय झोपलेलो नाही. शिवाय अक्कल कोणी शिकवावी, तर याने? म्हणून पहिल्या रात्री पट्टे मुद्दाम आवळले. वारा डोळ्यात. दुसऱ्या रात्री उठलो, बसलो, खिडकी उघडली, लावली, मास्क काढला, बायकोची बोटांची गोष्ट आठवली, लावला. तिसऱ्या रात्री घरातले सगळे झोपल्याची खात्री करून पट्टा थोडा सैल केला. वारा थांबला. आणखी थोडा केला. पडून राहिलो. हवा आली, मी काही बोललो नाही. हवा गेली, तरी बोललो नाही.

एकदम सकाळच झाली. ताज्या धारेचं पातं मऊ लाकडातून जावं, तशी रात्र गेली होती. कुठे अडकली नाही. मी उठून बसलो आणि मला खोलीच्या दाराची बिजागरी तिरकी दिसली. ती कैक वर्षं तिरकी असणार.

महिन्याने कार्ड दाखवलं. बाईंनी मला खुर्चीत बराच वेळ नुसतं बसवून ठेवलं. मी टक्क जागा. मग लिहून दिलं. मेहुण्याचीही तपासणी झाली, त्यालाही मशीन मिळालं. आमच्या घरातून तो अजून हललेला नाही, आणि आता दिवसाही झोपत नाही.

चिठ्ठी घेऊन वखारीत गेलो. डावरा मुकाट्याने बाजूला झाला. करवत चालू केली, हात तोच, माप तेच. साखर वाटावी इतका आनंद झाला, पण मी तसलं काही करत नाही.

फक्त, आता मी दिवसभर जागा असायचो. सकाळी जागा, दुपारी जागा, संध्याकाळीही. मला सगळं दिसू लागलं. फळ्या रचल्या त्या एका रेषेत नाहीत, ते सांगितलं. रंधा मारणारा लाकडाच्या रेषांच्या उलट मारतो, ते सांगितलं. जेवायला किती वेळ लावतात, चहाला कितीदा उठतात, झाडू कुठल्या बाजूने मारावा, सगळं सांगितलं. मालकांना त्यांची खुर्ची कुठे डुगडुगते ते सांगितलं. चांगल्यासाठीच.

आठवडा गेला आणि मालकांनी बोलावलं. मागे सगळी माणसं उभी, जमिनीकडे बघत. मालक बराच वेळ खाकरले. म्हणाले, मिस्त्री, करवत तुमचीच आहे, मरेपर्यंत तुमची. पण आमची एक विनंती आहे. मग मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे खाट टाकलेली, वर गादी, उशी, आणि मशीन लावायला भिंतीत प्लग. जेवणानंतर दोन तास, रोज, पगारी.

प्लग डावऱ्याने बसवला होता. मी बघितला. तिरका होता. मी ते त्याला सांगायला तोंड उघडलं.

"मिस्त्री," तो हात जोडून म्हणाला, "झोपा."