नासक्या दुधाची शिकवणी

आमच्या घरी दुधाचा चहा फक्त पाहुण्याला. माय लोकांच्या वावरात निंदायला जायची, बाबा बांधकामावर; आम्ही भावंडं कोरा चहा प्यायचो. म्हणून देऊळघाटच्या इंगळे सरांनी पहिल्याच दिवशी कपभर नासकं दूध माझ्या नाकाला लावलं, तेव्हा मला इंग्रजीची नाही, त्या दुधाची हळहळ वाटली.

"हुंग! काय झालं दुधाले?"

"नासलं, सर."

"नासलं नाही पोरी. वेन्ट ऑफ!"

सर रिटायर्ड मास्तर. 'गो ऑफ'वर त्यांचा भारी जीव. धडा कोणताही असो, गाडी तिथेच. दूध नासलं, गो ऑफ. लाइट गेली, गो ऑफ. गजर वाजला, गो ऑफ. "इंग्रजायले शब्द पुरले नाहीत," म्हणायचे, "एकाच गड्याले किती कामं!" फटाका फुटला हे दाखवायला त्यांनी खरोखर सुतळी बॉम्ब लावला. शेजाऱ्यांची म्हैस दावं तोडून पळाली. "पाहा, म्हैस गेली, ते बी गो ऑफ!"

मी बी.ए.ला इंग्रजीत दोनदा नापास. आता राहिले तर लग्न, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. म्हणून शिकवणीच्या बाकी पोरींसोबत मुकाट्यानं दूध हुंगत राहिले.

दुपारी चारला आत गजर वाजे. सर वाक्य अर्धं सोडून दूध गरम करत, कप बशीनं झाकून आतल्या खोलीत नेत. "ऐकलं का वं, उठ. पोरी आल्या शिकायले." पडद्याआडून कधीच उत्तर आलं नाही. सर मात्र थांबत, ऐकल्यासारखी मान हलवत. एकदा तर हसले. बाहेर रखरखीत ऊन, आणि पडद्यातून बामचा गार वास. मला वाटे, काकू आजारी असतील.

घरी सहज म्हटलं, "सरांची बायको कधी बाहेर दिसत नाही वं माय."

मायचा हात पिठातच थांबला. "दिसन कशी? तीन वर्सं झाली तिले जाऊन. मातीले सारं गाव होतं."

दुसऱ्या दिवशी गजर वाजला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तरी सरांमागे पडद्यापर्यंत गेले. पलंग, घडी घातलेलं लुगडं, उशीला खळगा. सरांनी स्टुलावर ताजा कप ठेवला आणि कालचा भरलेला उचलला. तोच कप रोज आमच्या नाकाला लागत होता.

मला पाहून दचकले नाहीत. "शेवटी तिले दूधच पचे," म्हणाले. "चारचं. एक दिवस गजर वाजला अन् मी चौकात गप्पा हाणत होतो. आलो तं..." त्यांनी ताज्या कपावरची बशी नीट केली. "फेकू वाटत नाही. निदान तुमच्या कामी येते."

त्यानंतर मी नाक मुरडलं नाही.

परीक्षेत 'गो ऑफ' आलंच नाही. बाकीचं आलं, तेही सरांनीच घोटून घेतलेलं होतं. निकाल लागला तशी मी अर्धा लिटर दूध घेऊन त्यांना सांगायला गेले.

"मले काऊन सांगतं? तिले सांग."

पडद्याशी उभी राहिले. "काकू, मी पास झाले."

आत गजर वाजला. चार वाजायला अजून वेळ होता.

"ऐकलं तिनं," सर म्हणाले आणि दूध तापवायला वळले.

मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.