बसूमामाचं फायनल

आमचे थोरले आजोबा गेले तेव्हा पहाटे बसूमामाचा फोन आला. "आजोबा फायनल झाले." मी झोपेतच विचारलं, "कशात?"

मामाला इंग्रजी एवढंच येतं, पण तेवढ्यात त्याचं सगळं भागतं. मंडईत वांग्यांवर बोट ठेवून, "फायनल सांग." ताटात तिसरी भाकरी पडली की, "ही फायनल." चौथी पडली की, "ही फायनलच्या नंतरची." डॉक्टरांनाही दंडावरचा बीपीचा पट्टा सोडवत विचारतो, "मग फायनल काय, जगतो का?"

आमच्याकडं लग्नाची बैठक मामाशिवाय होत नाही. दोन्हीकडची मंडळी मानपानावर अडली की मामा मांडीवर थाप मारतो, "फायनल. उठा, जेवू." आणि लोक खरंच उठतात. माझंही असंच जमलं. मी अजून 'हो' म्हणायचा होतो. बायको म्हणते, बरं झालं, नाहीतर तुम्ही अजून विचारच करत बसला असता.

मामा स्वतः मात्र साठीपर्यंत एकटा. जुळे सोलापूर भागात दोन खोल्या, आणि रोज संध्याकाळी सरोजाताईंकडून शेंगाचटणी. सरोजाताई विधवा, घरातूनच चटणी आणि कडक भाकरी विकतात. एकट्या माणसाला रोज पावशेर चटणी कशाला लागते, हे मला कधी सुचलं नाही. बायकोनं ओळखलं, आणि सरोजाताईंच्याच घरी बैठक बसली.

त्यांचा भाऊ म्हणाला, "आमच्याकडनं काय अडचण न्हाई. आता बसूअण्णांनी बोलावं."

सगळे मामाच्या मांडीकडं बघत होते; हात काही उठेना. भावाचा चेहरा उतरायला लागला. मी कोपरानं ढोसलं, "मामा, म्हण की."

"हितं जमत न्हाई रे," तो पुटपुटला. "फायनल म्हटलं की उठावं लागतंय. म्हणून तर हितं कदी चटणीचा भावबी केला न्हाई."

सरोजाताई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. ट्रे खाली ठेवत म्हणाल्या, "आता उठून कुटं जायचं हाय? म्हणा."

मामानं थाप मारली. गडबडीत माझ्या मांडीवर. "फायनल!"

सवयीनं सगळे जेवायला उठले. मीही, मांडी चोळत. मामा तेवढा ऐसपैस बसून राहिला.