गाऱ्हाण्यातली दुरुस्ती

सव्वादहा वाजता चौदा नंबरच्या कॉटवरच्या अप्पा परबांनी ट्रॉलीवर चढायला नकार दिला. नकार अगदी सभ्य होता. अंगात ऑपरेशनचा हिरवा गाऊन, पाय कॉटवरून खाली सोडलेले आणि दोन्ही हात जोडलेले.

"डॉक्टरीणबाई, तुमच्याबद्दल माझी काय एक तक्रार नाय," अप्पा म्हणाले. "पण देवाक खोटा सांगून मी टेबलावर जावचंय नाय."

डॉ. कादंबरी त्रिलोकेकरने घड्याळाकडे पाहिलं. परळच्या त्या मोठ्या इस्पितळात सर्जरी शिकायला लागून तिला दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात तिने इतरांच्या ऑपरेशनला चिमटे धरले होते, दोरे कापले होते, रक्ताच्या बाटल्या घेऊन ती चार मजले पळाली होती. स्वतःच्या हाताने एकही ऑपरेशन केलं नव्हतं. काल पहिल्यांदा युनिटचे प्रमुख डॉ. गुप्ते म्हणाले होते, "परबांचा हर्निया तू कर. मी समोर उभा राहतो." एवढ्यावर थांबतील तर ते गुप्ते सर कसले. "सकाळी अकराच्या ठोक्याला पेशंट टेबलावर पाहिजे. नसला तर हितेंद्रची केस घेऊ."

उद्यापासून कादंबरीची तीन महिने अपघात विभागात बदली होती. म्हणजे आजचा हर्निया गेला की गेलाच. हितेंद्र तिच्याच बरोबरीचा, स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याचा पेशंट नऊ वाजल्यापासून ट्रॉलीवर आडवा होऊन छताकडे बघत होता, आणि हितेंद्र दर पाच मिनिटांनी येऊन "काही मदत हवी का गं?" असं विचारत होता. असली मदत विचारणाऱ्या माणसाचा खूनही माफ व्हायला हवा, असं कादंबरीला वाटून गेलं.

"अप्पा, कोण खोटं बोललंय देवाशी?" तिने शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

झालं होतं ते असं. सकाळी आठ वाजता अप्पांचा मेहुणा रघु करी रोडहून आला होता. घरात कुणाचं लग्न असो, परीक्षा असो की कोर्टाची तारीख, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. मालवणी माणूस देवाकडे नुसतं मागत नाही, तो देवाला सगळी हकिगत नीट समजावून सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. रघुने खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून देवाला मजला सांगितला, वॉर्ड सांगितला, कॉटचा नंबर सांगितला, उजवीकडची लिफ्ट बंद आहे हेही सांगितलं. मग "मोठ्या गुप्ते डॉक्टरांच्या हातान ह्या ऑप्रेशन सुखरूप पार पडांदे रे म्हाराजा," असं म्हणून तो कामावर निघून गेला.

"आणि करतलात तुम्ही," अप्पा म्हणाले.

"पण ते मी तुम्हाला कालच सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"अजूनय होच म्हणतंय. पण रघुक कोणी सांगूक नाय. आता देव थय गुप्ते डॉक्टरांच्या हाताकडे बघत बसतलो, आणि सुरी तुमच्या हातात. म्हणजे देव एकीकडे आणि सुरी एकीकडे."

"देवाला कळेल की आपोआप. त्याला सगळं कळतं."

यावर अप्पांची बायको नलूकाकी पहिल्यांदाच बोलली. "आपसूक कळता, तर गाऱ्हाणा घालूचा कित्याक?"

साडेपाच वर्षं एमबीबीएस आणि दीड वर्षं सर्जरी शिकलेली कादंबरी नलूकाकींना सोडून अप्पांकडे वळली. "मग तुम्हीच देवाला बदल सांगून टाका ना, अप्पा," ती म्हणाली.

"तसा चलणा नाय. ज्येना सांगल्यान, त्येनाच बदलूक व्हया."

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉ. प्रिती मॅडम स्वतःच वॉर्डात आल्या. त्यांनी अप्पांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि भुवया वर केल्या. सकाळी एकशे तीस असलेलं ब्लडप्रेशर एकशे ऐंशीवर गेलं होतं.

"एवढ्या प्रेशरला मी भूल देणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, एखादी गोळी..."

"गोळी कशाला? घाबरलाय तो माणूस. कशाला घाबरलाय ते काढ आधी. अकरा वाजता परत बघते."

म्हणजे आता देवाचं काम वैद्यकीय होऊन बसलं. कादंबरीने नलूकाकींकडून रघुचा नंबर घेतला. रघु लालबागला मसाला कुटायच्या डंकावर कामाला होता. पहिल्यांदा फोन वाजून वाजून बंद झाला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा पलीकडे मिरच्या कुटल्या जात होत्या आणि रघुचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तो फोन घेऊन रस्त्यावर आला, चार वेळा शिंकला आणि मग त्याने सगळं ऐकून घेतलं. दहा वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती.

"म्हणजे चूक माझीच," रघु म्हणाला. माणूस सरळ होता. "घालूया गाऱ्हाणा परत. बाई, तुमचा पुरा नाव सांगा."

"कादंबरी त्रिलोकेकर."

"गाव?"

"गिरगाव. फणसवाडी."

"ता झाला ऱ्हवाचा. मूळ गाव खयचो?"

"मूळचे आम्ही मुंबईचेच."

"बाई, मुंबैचो मूळचो कोण नसता," रघु समजावणीच्या सुरात म्हणाला. "सगळे खयसून तरी इलेले असतत. अशान देवाक पत्तो मेळचो नाय."

कादंबरीने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की त्रिलोकेकरांच्या कुठल्याही पिढीने मुंबईबाहेर शेत, घर किंवा देऊळ ठेवलेलं नाही. सुट्टीत ती कधी गावाला गेली नव्हती, कारण जायला गावच नव्हता. वॉर्डातले पेशंट आता उशांना टेकून ऐकत होते. शेजारच्या कॉटवरचे एक काका हळहळून म्हणाले, "गावच नाही बिचारीला." आयाबाई मीराबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दहा छत्तीसला तिने मीराबाईंकडून दुसरा फोन घेऊन वडिलांना विचारलं. तिच्या बाबांना निवृत्त झाल्यापासून घराण्याचा इतिहास कुणी विचारला नव्हता. त्यांनी घसा साफ केला आणि थेट शेकडो वर्षांपूर्वी मुंबईवर राज्य करणाऱ्या राजा बिंबापासून सुरुवात केली.

"बाबा, फक्त गाव. एका शब्दात."

"एका शब्दात इतिहास नसतो, बाळा. बिंबाने राजधानी केली ती माहीमला, आणि आपले पूर्वज..."

"माहीम," कादंबरी पहिल्या फोनमध्ये म्हणाली आणि दुसरा तिने बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा तिने बाबांचा फोन असा तोडला होता, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही.

"माहीम? थय माझी आतेभैण दिलेली आसा," रघु खूश होऊन म्हणाला. "आता कसा. फोन मोठ्या आवाजात लावा आणि वर धरा."

आठ वर्षांपूर्वी गुप्ते सरांनी स्वतःच्या सहीने वॉर्डाच्या दारावर पाटी लावली होती: 'येथे कोणतेही धार्मिक विधी करू नयेत.' त्या पाटीकडे पाठ करून कादंबरीने हात उंच केला. लालबागच्या फुटपाथवरून रघुचा आवाज वॉर्डभर घुमला.

"बा देवा म्हाराजा, सकाळी तुका जा सांगलंय, तेच्यात जरा बदल आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अप्पा आणि नलूकाकी म्हणाले.

"गुप्ते डॉक्टर नुसते बाजूक उभे ऱ्हवतले. सुरी चलवतली ती माहीमच्या त्रिलोकेकरांची कादंबरी. तर गुप्त्यांवरसून तुझा लक्ष काढ आणि तिच्या हातार ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आता पाच-सहा कॉट म्हणाल्या. पेशंटांमध्ये कोल्हापूरचे होते, बिहारचे होते, एक वरळी कोळीवाड्यातले होते. पण सकाळपासून पडून कंटाळलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरतं.

"आणि थय वॉर्डात जे कोण पडान आसत, त्यांकाय तिच्याच हातान बरा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खा वॉर्ड गरजला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज कादंबरीचा होता. ती वळली, तर दारात गुप्ते सर उभे होते. त्यांनी पाटीकडे पाहिलं, तिच्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"दहा बावन्न," एवढंच म्हणून ते निघून गेले.

प्रिती मॅडमनी पट्टा बांधला तेव्हा प्रेशर एकशे चौतीस होतं. त्यांनी दोनदा मोजलं आणि काही विचारलं नाही. उजवीकडची लिफ्ट बंद होती आणि डावीकडची तिसऱ्या मजल्यावर अडली होती, म्हणून कादंबरी, मीराबाई आणि नलूकाकी अशा तिघींनी उताराच्या रॅम्पवरून ट्रॉली ढकलली. अकराला एक मिनिट कमी असताना अप्पा टेबलावर आले. हितेंद्रचा पेशंट तोवर ट्रॉलीवर झोपी गेला होता.

पहिला छेद कादंबरीने जरा तोकडाच घेतला. समोर सर चिमटा धरून उभे होते, जसा ती दीड वर्ष धरत आली होती. ते ओरडतील म्हणून ती थांबली. ते ओरडले नाहीत. मग तिने छेद पुढे वाढवला, आणि पुढचा सव्वा तास आपण कुठे आहोत, किती वाजले, उद्या कुठे जायचंय, यातलं तिला काही आठवलं नाही. शेवटचा टाका घालून तिने दोरा कापायला हात पुढे केला, तर तो सरांनी आधीच कापला होता. मास्कच्या आत तिला रडू आलं आणि तिने ते खुशाल येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी अपघात विभागात ती एका रिक्षावाल्याच्या कपाळाला टाके घालत असताना वॉर्डातून फोन आला. सरांनी ताबडतोब बोलावलंय. पाटीचं प्रकरण आता अंगाशी येणार, असं समजून ती जिन्याने धावत गेली.

सर अकरा नंबरच्या कॉटशी उभे होते. या कॉटवरच्या कोळीवाड्यातल्या पेशंटचं पित्ताशयाचं ऑपरेशन सर स्वतः करणार होते. पेशंट गाऊन घालून, पाय खाली सोडून बसला होता.

"डॉक्टर, तुमचा मान मोठाच हाय," तो सांगत होता. "पन काल आमी समद्यांनी व्हय म्हनलंय. त्या बाईंचं नाव देवाला सांगून झालंय."

"बारा, सतरा आणि वीस पण तेच म्हणतायत, सर," हितेंद्र खालमानेने म्हणाला. वीस नंबर त्याचाच कालचा राहिलेला पेशंट होता.

गुप्ते सरांनी कादंबरीला बाजूला, व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तीस वर्षांत त्यांना कुणा पेशंटने नको म्हटलं नव्हतं.

"तो कालचा मिरचीवाला," ते शेवटी म्हणाले. "त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे, सर."

"लाव."

तिने फोन लावला. पलीकडे डंक धडधडत होता. सरांनी मागे कुणी नाही ना, हे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माझं मूळ गाव चौल सांग. तालुका अलिबाग. आणि त्याला म्हणावं, नुसतं मोठा डॉक्टर म्हणू नकोस. पूर्ण नाव घे."