बावीस वर्षांच्या दॉ ओन

दॉ थिरी यांगूनहून येणार होत्या, म्हणून मा केथीने त्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी आईला ताकीद दिली.

"अमे, पाहुणे जाईपर्यंत पुढच्या खोलीत यायचं नाही. चहा मीच नेईन. आणि आरशासमोर तर मुळीच बसायचं नाही."

"मी कशाला बसतेय? तीन वर्षांत तुझ्या आरशाने मला एकदा तरी विचारलं का, अमे कशी आहेस म्हणून?"

आई, दॉ ओन म्हणजे ओनबाई, अंगणात बसून सहाणेवर थनाख्याचं खोड उगाळत होत्या. वय सदुसष्ट. त्यातली साठ वर्षं तरी त्या गालांना थनाखा फासल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. दोन्ही गालांवर पिवळसर लेपाचं एकेक पान रेखायचं, नाकावर एक पट्टा ओढायचा आणि मग जगाला तोंड दाखवायचं. हल्ली डाव्या गालावरचं पान उजव्यापेक्षा अंमळ मोठं व्हायचं. वयामुळे आईचा हात हलतो, असं केथीने ठरवून टाकलं होतं.

केथी आठ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. बायका चेहऱ्यावरचा चट्टा थनाख्याखाली झाकतात आणि दाखवायला येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो, हे तिने तिथे इतक्यांदा पाहिलं की शेवटी तिचं डोकं फिरलं. दवाखान्याचं नाव काढताच पळणाऱ्या याच बायका पार्लरात मात्र न चुकता येतात. मग दवाखानाच पार्लरात का नेऊ नये? नोकरी सोडून तिने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं आणि मंडालेच्या को झेया नावाच्या इंजिनियरला हाताशी धरून एक आरसा तयार केला. त्यासमोर बसलं की तो फोटो घ्यायचा आणि त्वचेला आजार आहे का ते सांगायचा. बायकांनी हौसेने बसावं म्हणून शेवटी त्वचेचं वयही सांगायचा. आवाज केथीचाच होता, आणि नर्सच्या सवयीने ती सुरुवातीला "घाबरू नका" म्हणून गेली होती. ते तसंच राहिलं.

को झेयाने आरशाला शिकवण्यासाठी दोन गठ्ठे मागितले होते, आजारी चेहऱ्यांचा एक आणि निरोगी चेहऱ्यांचा एक. आजारी चेहरे दवाखान्याच्या जुन्या फायलींतून मिळाले. निरोगी मात्र केथीने आपल्या गावातून, पखोक्कूतूनच गोळा केले, एकेका बाईच्या हातापाया पडून. तीन वर्षं आणि बारा गल्ल्या त्यात गेल्या. गावातल्या बायकांवर आरसा एकदाही चुकला नव्हता.

दॉ थिरींची यांगूनात चार रुग्णालयं होती. त्यांनी होकार दिला तर आरसा चाळीस खेड्यांत जाणार होता, जिथे त्वचेचा डॉक्टर औषधालाही सापडत नाही. नकार दिला तर केथी पुढच्या महिन्यात दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून जुनी जागा परत मागणार होती. अर्जही लिहून ठेवला होता. तो तिने सकाळीच उशीखाली सरकवला.

दहाच्या ठोक्याला दॉ थिरी आल्या. वय चोपन्न, रेशमी लुंगी आणि आवाजात चार रुग्णालयं. सोबत ऊ म्यो न्युंट हे त्वचेचे नामवंत डॉक्टर होते. ते बोलायचे कमी आणि खिशातलं भिंग काढून भिंतीवरच्या पालीकडेसुद्धा बघायचे.

"तुमच्या पत्रात लिहिलं होतं ना, चेहऱ्यावर काही नको," दॉ थिरी म्हणाल्या. "हॉटेलातच साबणाने खसाखसा धुऊन आलेय. वीस वर्षांत अशी बाहेर पडले नव्हते."

"फार उपकार झाले," केथी म्हणाली आणि तिने त्यांना आरशासमोर बसवलं.

आरशाभोवतीचा दिवा उजळला. क्षणभर काही झालं नाही. मग केथीचा शांत, प्रेमळ आवाज आला.

"घाबरू नका. आजार गंभीर आहे. ताबडतोब रुग्णालयात जा. त्वचेचं वय, एक्याऐंशी."

दॉ थिरी घाबरल्या नाहीत. त्यांनी फक्त मान वळवून केथीकडे पाहिलं, आणि केथीची पाचावर धारण बसली.

"उजेडाचा काहीतरी घोटाळा असेल," बाजूला उभा असलेला को झेया चाचरत म्हणाला. "पडदा ओढतो."

पडदा ओढल्यावर आजार तेवढाच राहिला, वय त्र्याऐंशी झालं.

"सया, तुम्ही बसा बरं," दॉ थिरी डॉक्टरांना म्हणाल्या. "माझं एक्याऐंशी तर तुमचं किती ते तरी कळू दे."

ऊ म्यो न्युंट बसले. घाबरू नका. आजार गंभीर आहे. वय, अठ्ठ्याण्णव. डॉक्टरांनी भिंगातून आपलाच चेहरा आरशात नीट न्याहाळला आणि "बरं," एवढंच म्हणाले.

केथी स्वतः बसली. पाहुण्यांसमोर शहरी दिसावं म्हणून तिनेही सकाळी गाल धुऊन कोरडे ठेवले होते. तिच्याच आवाजाने तिला ताबडतोब रुग्णालयात जायला सांगितलं. तीन वर्षांची मेहनत आपल्याच गोड आवाजात पाण्यात जाताना तिला ऐकू येत होती.

मागच्या खोलीत दॉ ओन कान देऊन बसल्या होत्या. लेक चौथ्यांदा "ताबडतोब रुग्णालयात जा" म्हणाली, तेव्हा त्यांना राहवेना. कोणाला तरी भोवळ आली असणार, असा हिशेब करून त्या एका हातात बामची डबी आणि दुसऱ्या हातात आंबवलेल्या चहापत्तीचं ताट घेऊन थेट पुढच्या खोलीत हजर झाल्या.

"कोण पडलं?"

"अमे! तुला सांगितलं होतं ना..."

"सांगितलं होतंस. पण माणूस मरायला टेकल्यावर काय ऐकायचं?" त्यांनी ताट ठेवलं आणि धाप लागली म्हणून समोर दिसलेल्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. रिकामी खुर्ची एकच होती.

दिवा उजळला.

"घाबरू नका. त्वचा उत्तम आहे. वय, बावीस."

"मी कुठे घाबरले?" दॉ ओन म्हणाल्या. मग आकडा त्यांच्या डोक्यात उतरला. "किती म्हणालं?"

"बावीस," डॉक्टर म्हणाले.

"बघ केथी. तुझा आरसा तुझ्यापेक्षा शहाणा आहे." मग त्यांची नजर दॉ थिरींवर गेली आणि त्या उभ्याच राहिल्या. "अगं बाई! तुझ्या चेहऱ्यावर काहीच नाही! एवढ्या उन्हातून अशीच उघडी आलीस? आजारी पडशील नाही तर काय होईल! थांब, हलू नकोस."

चार रुग्णालयांच्या मालकिणीला हलायची सोयच उरली नाही. वडीलधारी बाई मायेने गालाला हात लावते आहे, तिला नको कोण म्हणणार? दॉ ओननी अंगणातली सहाणच उचलून आणली आणि दॉ थिरींच्या दोन्ही गालांवर दोन सुरेख पानं काढली. नाकावर पट्टा ओढला आणि खांदे धरून त्यांना परत आरशासमोर बसवलं.

"घाबरू नका. त्वचा उत्तम आहे. वय, चोवीस."

दॉ थिरींनी आरशात पाहिलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"आता उजेड बरोबर पडला वाटतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "माझी आजी अशीच पानं काढायची. कागद कुठे आहेत, मा केथी? सही करून टाकते."

केथीने कागद पुढे केले. त्यांनी पेन काढलं. आणि नेमक्या त्याच क्षणी केथीला सगळं लख्ख कळलं. फोटोंच्या वेळी तिने दारावर पाटी लावली होती, 'चेहऱ्यावर काही नको'. बायका लिपस्टिक पुसून आल्या, पावडर पुसून आल्या. थनाखा कोणीच पुसला नाही, कारण थनाखा म्हणजे 'काही' नव्हेच, तो चेहराच. वर फोटो काढायचा म्हणून ताजा उगाळून आल्या. केथीनेही कोणाला हटकलं नाही. आईच्या वयाच्या बाईला तोंड धुऊन ये असं म्हणायला तिची जीभ रेटली नसती, आणि खरं तर तिला तो दिसलाच नव्हता. फायलींतले आजारी चेहरे तेवढे डॉक्टरांपुढे धुतलेले होते. तीन वर्षं खपून आरसा एकच गोष्ट शिकला होता. पिवळं ते निरोगी, उघडं ते आजारी.

पेन कागदाला टेकलं. केथीने फक्त गप्प बसायचं होतं. आणि मग चाळीस खेड्यांतल्या, थनाख्याखाली चट्टे झाकलेल्या बायकांना तिचाच आवाज सांगणार होता, घाबरू नका, त्वचा उत्तम आहे.

"सही करू नका," ती म्हणाली. सांगताना तिला रडू आवरत नव्हतं, पण तिने सगळं सांगितलं, पाटीसकट.

को झेया मटकन खाली बसला. "म्हणजे सयामा, मी आजारी नाही?"

"तू कशाला आजारी असशील?"

"मला पण दर वेळी गंभीर सांगायचा. मला वाटलं, सिगारेटमुळे असेल. फेब्रुवारीपासून सोडलीय. ज्योतिषाकडे जाऊन आलो. गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या नावावर मोटरसायकलसुद्धा करून दिली."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तुमच्या यंत्राला चूक कसं म्हणणार?"

दॉ थिरींनी पेनाला टोपण लावलं. "पण हे खरं कशावरून? लेपामुळेच होतंय याचा पुरावा काय?"

"सोपं आहे," ऊ म्यो न्युंट पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. "अमेंनी तोंड धुऊन परत बसावं. बावीसचे शंभर झाले की झालं सिद्ध."

"मी? धुतल्या तोंडाने? परपुरुषांसमोर?" दॉ ओननी पदर नव्हता म्हणून ताटावरचं फडकं तोंडाशी धरलं. "त्यापेक्षा मला गावभर नाचवा."

"अमे, माझ्यासाठी," केथी म्हणाली.

"तुझ्यासाठी चाळीस वर्षं स्वयंपाक करीन. पण तोंड नाही धुणार."

"मी धुऊन आले होते ना?" दॉ थिरी म्हणाल्या. "तेही भर रस्त्यातून."

दॉ ओन नाइलाजाने मोरीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या भिंतीकडे तोंड करून चालत आल्या आणि चटकन खुर्चीत बसल्या. केथीने आईचा उघडा चेहरा शेवटचा कधी पाहिला होता, तिला आठवेना. तो लहान वाटत होता.

"घाबरू नका. आजार गंभीर आहे. ताबडतोब रुग्णालयात जा. वय, नव्वद."

"पाहिलंत!" केथी ओरडलीच. को झेयाने टाळी दिली, दॉ थिरीही हसल्या. आपलं यंत्र कुचकामी ठरल्याचा इतका आनंद याआधी कोणाला झाला नसेल.

"यात काय पाहायचं?" दॉ ओन फणकारल्या. "थनाखा पुसला की माणूस आजारी पडतं. साठ वर्षं मी हेच सांगतेय."

डॉक्टर हसत नव्हते. ते भिंग घेऊन दॉ ओनच्या डाव्या गालाजवळ वाकले होते. तिथे सुपारीएवढा फिकट चट्टा होता. त्यांनी कापसाची वात करून चट्ट्यावर अलगद फिरवली.

"अमे, इथे हात लावलेला कळतोय?"

"कुठे?" दॉ ओन म्हणाल्या.

कापूस गालावरच होता. केथीचं हसू जागीच विरलं. हा प्रश्न तिने दवाखान्यात शेकडो बायकांना विचारला होता, आणि 'कुठे' या उत्तराचा अर्थ तिला डॉक्टरांइतकाच ठाऊक होता.

"कधीपासून आहे, अमे?"

"झालं दीडेक वर्ष. दुखत नाही, खुपत नाही. म्हटलं, पान जरा मोठं काढलं की झाकलं जातं."

"मला का नाही सांगितलंस? मी नर्स आहे!"

"तू गावभर चट्टे शोधत फिरत होतीस. त्यात घरचा कशाला आणखी?"

"कुष्ठाची सुरुवात वाटते. तपासून खात्री करू," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "वेळेत सापडलंय. सहा महिने गोळ्या, पूर्ण बरं होईल. व्यंग वगैरे काही राहणार नाही."

केथी आईच्या पायाशी बसून हुंदके देऊन रडली. सकाळपासून आरशाने खोलीतल्या तीन धडधाकट माणसांना रुग्णालयात पाठवलं होतं आणि एकट्या आजारी बाईला बावीस वर्षांची ठरवलं होतं. शेवटी तो एकदा बरोबर बोलला, तोही चुकून.

"झालं ना रडून?" थोड्या वेळाने दॉ ओन म्हणाल्या. "आता मी थनाखा लावते, आणि त्या आरशाला माझं बावीस परत द्यायला सांग. नुसतं धुऊन उठणार नाही मी."

दॉ थिरींनी आणि केथीने एकमेकींकडे पाहिलं.

"बावीस परत मिळणार असेल," दॉ थिरी सावकाश म्हणाल्या, "तर बायका तोंड धुतील."

"दिवसातून चारदा धुतील," केथी डोळे पुसत म्हणाली. "आधी धुतल्या चेहऱ्याचा फोटो, तो आमच्यासाठी. मग थनाखा, मग वय, ते त्यांच्यासाठी. निरोगी उघडे चेहरे आले की आरसा पुन्हा पहिल्यापासून शिकेल."

"आणि तो शिकेपर्यंत उघड्या चेहऱ्यांचे फोटो सया स्वतः बघतील," दॉ थिरींनी ठरवलं. ऊ म्यो न्युंट यांना कोणी विचारलं नाही. पेनाचं टोपण पुन्हा निघालं आणि या वेळी सही झाली. को झेया अंगणात जाऊन एक सिगारेट ओढून आला.

खात्री झाली, गोळ्या सुरू झाल्या. केथीला धास्ती होती ती निराळीच. दॉ ओननी आयुष्यात लेकीचं एक अक्षर ऐकलं नव्हतं, त्या सहा महिने रोज गोळी घेणार कशा? पहिल्या दिवशी ती गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन, भांडायच्या तयारीनेच आईसमोर उभी राहिली.

दॉ ओन नुकत्याच आरशासमोरून उठल्या होत्या. गालांवर दोन ताजी पानं होती, दोन्ही सारखी.

"आज किती म्हणालं?" केथीने विचारलं.

"बावीसच. आणि तू किती वर्षांची?"

"चौतीस."

"म्हणजे मोठी तू," दॉ ओन म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "मोठ्यांचं ऐकावंच लागतं. आण ती गोळी."